गाव तर विचारलं होतं

प्रयोगशाळेतल्या बाईला माणूस दिसत नाही, नुसतं रक्त दिसतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. सुट्टीवर मुरुडला गेले की माझी नणंद हमखास म्हणते, "वहिनीला शेजारीण ओळखायची नाय, पण तिचं हिमोग्लोबिन बरोबर ओळखेल." सगळे हसतात, मीही हसते. सौदी अरेबियातल्या हुफूफ शहरात, एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत समोर बसलेला माणूस मला दिसलाच नाही, असं एकदा झालं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं त्याहून सोपं आहे आणि भीती मात्र त्याहून जास्त. रक्त काढायचं, नळीवर नाव चिकटवायचं, थोडं यंत्रात घालायचं, थोडं काचपट्टीवर पसरून रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सुई टोचायला कुणालाही शिकवता येतं. धाकधूक असते ती नावाची. एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव लागलं की होत्याचं नव्हतं व्हायला वेळ लागत नाही. त्यात तिकडे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हवा असेल तर प्रत्येक परदेशी माणसाला तपासणी करावी लागते. रिपोर्टवर 'अनफिट' उमटलं की खलास, परतीचं विमान. कुणी घर गहाण टाकून आलेला असतो, कुणी तान्हं पोर मागे ठेवून. माझा स्वभाव मुळात काळजीचा. घरी कुकर लावता लावता मी आठवत बसायची, सतरा नंबरच्या नळीवर नाव नीट लावलं ना? दोनदा तर अर्ध्या रस्त्यातून टॅक्सी वळवून परत गेले आहे. दोन्ही वेळा नाव बरोबर निघालं. काळजी तरी कमी झाली नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांत इथिओपियाची माणसं पुष्कळ. बाया घरकामाला, पुरुष बागांत नाहीतर उंट-बकऱ्यांमागे. सुरुवातीला मला ही सगळी एकाच साच्यातली वाटायची. 'इथिओपियन' म्हटलं की झालं. एकदा एक मुलगी सुईला घाबरून रडायला लागली. मी सफाई करणाऱ्या अल्माजला हाक मारली. अल्माज आदिस अबाबाची, चाळिशीची, अरबी मोडकीतोडकी आणि आमच्यात राहून उचललेली हिंदी ठणठणीत. ती त्या मुलीशी बोलली, मुलगी तिच्याशी बोलली आणि दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगी ओरोमो बोलत होती, अल्माज अम्हारिक. अल्माज कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दीदी, तुमचा मद्रासी पेशंट आला तर मी तुम्हालाच बोलावणार आहे." त्या देशात ऐंशीच्या आसपास भाषा आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मुलीला शेवटी खाणाखुणा करून आणि खजूर देऊन गप्प केलं.

दुसरी फजिती घड्याळाची. एका बाईला मी उपाशीपोटी सकाळी सातला बोलावलं होतं. ती आली दुपारी एकला, तोंड सुकलेलं, हातपाय थरथरत होते. मी तिच्यावर खेकसले. अल्माजनं मला बाजूला घेतलं. त्यांच्याकडे दिवस उजाडल्यावर तास मोजायला लागतात. आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो आणि त्यांचे सात म्हणजे आपली दुपारची एक. बाई बिचारी दिलेल्या वेळेवर आली होती. वर्षाचे महिने तेरा, त्यातला शेवटचा पाच-सहा दिवसांचा. सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे, त्यामुळे जन्मतारखांचा घोळ वेगळाच. आडनाव नसतंच, नावापुढे बापाचं नाव. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं. बोलवायची वेळ सांगताना घड्याळाचं चित्र काढून द्यायला लागले.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा भूगोल. अल्माजनं तो मला हाताच्या पंज्यावर समजावला. बोटांची पेरं वर, थंड, ती 'देगा'. तळहाताचा खोलगट, उष्ण भाग 'कोल्ला'. मधल्या भागालाही त्यांच्याकडे नाव आहे. देगातली माणसं बार्ली पिकवतात, जाड शाल पांघरतात आणि कोल्लातल्या माणसांना जरा कमी लेखतात. मी म्हटलं, हे तर आमचं वलाटी-खलाटीच झालं, घाटाकडचे आणि किनाऱ्याकडचे! अल्माजला घाटाचं काय कळलं देव जाणे, पण ती खूश झाली. मी त्याहून खूश. हळूहळू इथिओपियाचा पेशंट आला की वॉर्डातून मला फोन यायला लागला. आमच्या डॉक्टर मोहिते मॅडम सांगलीच्या. त्या थट्टेनं मला 'इथिओपियाची वकील' म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

सईद आला तो मार्च महिना असेल. त्याला त्याचा कफील घेऊन आला होता, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा परवाना होता तो मालक. अबू नासेर नाव. खजुराच्या बागा आणि गावाबाहेर उंटांचा कळप. सईद ते उंट सांभाळायचा. वय तिशीच्या आत, सडपातळ, गालफडं बसलेली. तीन आठवडे ताप येत-जात होता आणि पोटात डावीकडे पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागत होती. अबू नासेर वाईट माणूस नव्हता. त्याने त्याच्यासाठी खजूर आणले होते, कॉफीचा थर्मास आणला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "काय आहे? बरा होईल ना?"

उंटांकडचा माणूस, त्यात ताप, म्हटल्यावर आमच्या मनात पहिल्यांदा येतो तो कच्च्या दुधाचा आजार. न उकळलेलं दूध पिणाऱ्यांना तो तिकडे सर्रास होतो. मी तपासणी केली. पुसट पॉझिटिव्ह आली. आता यातली गोम सांगते. रोज उंटांत वावरणाऱ्या धडधाकट माणसाचीही अशी पुसट पॉझिटिव्ह येऊ शकते. मी रिपोर्टवर तसं लिहिलंसुद्धा. मलेरिया तीन वेळा बघितला, सापडला नाही. पेशी मात्र सगळ्याच कमी, लाल कमी, पांढऱ्या कमी, रक्त गोठवणाऱ्या तर फारच कमी.

माझ्या बाजूच्या टेबलावर मिथिलेश बसायचा. मुजफ्फरपूरचा, हुशार, तोंडाला कुलूप नसलेला. त्याने आकडे बघितले, फॉर्मवरची सुजलेली पाणथरी वाचली आणि म्हणाला, "दीदी, हमारे गाँव में ऐसा पेट बहुत देखा है. काला-आजार होगा." काळा आजार वाळूमाशी चावून होतो, बिहारात त्यानं घरंच्या घरं उजाड केली आहेत. मी त्याला म्हटलं, "तुला सगळीकडे मुजफ्फरपूरच दिसतं." तो गप्प बसला. कायमचा गप्प बसणारा माणूस नव्हता तो, पण मी त्याला वयाने मोठी.

गंमत म्हणजे मोहिते मॅडमच्याही मनात तेच आलं होतं. त्यांनी फोन केला. "शमीम, हा आजार इथिओपियाच्या काही भागांत आहे. पण सगळीकडे नाही. गरम, सखल भागात असतो. पक्कं करायचं तर हाडात सुई घालून आतला मगज काढावा लागेल, आणि याच्या पेशी इतक्या कमी आहेत की उगाच घालायला नको. तू अल्माजला घेऊन जा आणि हा नक्की कुठला ते विचार."

मी वही घेऊन ऐटीत गेले. अल्माजला म्हटलं, विचार त्याला, गाव कुठलं?

त्या प्रश्नावर सईदचा चेहरा उजळला. उठून बसला. वोल्लो, तो म्हणाला, अल्माजच्याच अम्हारिकमध्ये. आणि मग बोलतच सुटला. उंच डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, बार्ली, घरामागे निलगिरीची झाडं, सकाळी इतकं धुकं की बकरी हाक मारून शोधावी लागते. थंडी इतकी, की त्याचा आजा बारा महिने घोंगडं पांघरून असायचा. मशिदीशेजारी त्यांचं घर, सात पिढ्यांचं. "देगा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "आम्ही देगाचे." अल्माजच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते सगळं लिहून घेतलं. वरती 'देगा' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

"मॅडम, तो डोंगरातला आहे," मी सांगितलं. "कडाक्याची थंडी. तिथे वाळूमाशी कुठली असायला?"

मॅडमनी सुई मागे ठेवली. कच्च्या दुधाच्या तापावरच्या गोळ्या सुरू केल्या आणि सईद उंटांकडे परत गेला.

दोन आठवडे गेले. मला आठवण येत होती, पण आली की मीच स्वतःला समजवायची, गोळ्या लागू पडल्या असतील, नाहीतर आला असता. मग एक दिवस अबू नासेरची गाडी दारात उभी राहिली आणि सईदला दोघांनी धरून उतरवलं. नाकातून रक्त येत होतं, हिरड्यांतून येत होतं. शर्टाची बटणं पोटावर लागत नव्हती आणि खांद्यावरून शर्ट घसरत होता. मी रक्त काढलं. टोचलेल्या जागी कापूस धरून पंधरा मिनिटं उभी राहिले, तरी थेंब थांबेना.

अबू नासेर चिडला होता, आणि त्याचं चिडणं मला कळत होतं. "तुम्ही म्हणालात दूध! मी माझ्याच उंटांचं दूध बंद केलं. माझी म्हातारी आई माझ्यावर रुसली. आणि हा बघा. माझे वडील असेच गेले, हॉस्पिटलात, नळ्या लावून. यल्ला, बस झालं, मी याचं गुरुवारचं तिकीट काढलंय. मरायचंच असेल तर आईजवळ मरू दे त्याला."

तो सोमवार होता. मॅडमनी त्याला भरती करून घेतलं आणि मला फक्त एवढंच विचारलं, "शमीम, डोंगरातलाच ना गं तो? नक्की?"

"नक्की मॅडम," मी म्हटलं. माझ्या वहीत दोन रेघा मारून लिहिलेलं होतं.

त्या संध्याकाळी घरी माझ्या मुलीने शाळेचा एक फॉर्म पुढे केला. आलिया तेव्हा आठवीत होती, तिकडच्या इंडियन स्कूलमध्ये. जन्म हुफूफचा, सगळं आयुष्य हुफूफचं. तिने पेन चावत विचारलं, "अम्मी, नेटिव प्लेस में क्या लिखूँ?"

"मुरुड लिही. दुसरं काय?"

"बट आय हॅव नेव्हर लिव्ड देअर!"

"म्हणून काय झालं? गाव म्हणजे गाव. राहणं वेगळं," मी म्हणाले आणि तव्यावरची पोळी तशीच राहिली.

माझे आब्बा तीस वर्षं कुवेतला होते. कुणी विचारलं तर मरेपर्यंत सांगायचे, मुरुडचा. माझा मोठा भाऊ दम्मामच्या बंदरावर केस पांढरे करून बसलाय, तो मुरुडचा. मी हुफूफच्या पाण्याने एकोणीस वर्षं आंघोळ केली, मी मुरुडची. कोकणातल्या माणसाला गाव विचारलं की तो हाडं कुठली ते सांगतो, पोट कुठे भरतो ते सांगत नाही. जगात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला हे कळायला हवं होतं. मी सईदला गाव विचारलं होतं. त्याने गावच सांगितलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. अपराध्यासारखं वाटत होतं असं म्हणणं खोटं ठरेल, अपराधीच होते.

सकाळी मी माझी ड्युटी सुरू व्हायच्या आधी अल्माजला गाठलं आणि वॉर्डात गेले. वही नेली नाही. म्हटलं, याला विचार, बार्ली कापून झाल्यावर हा काय करायचा? पोटापाण्यासाठी कुठे जायचा?

सईद भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मेतेमा."

अल्माजने मला सांगितलं, मेतेमा म्हणजे सुदानच्या सरहद्दीला लागून असलेला सखल मुलूख. कोल्ला. तिथे तिळाची मोठमोठी शेतं आहेत आणि कापणीला देगातले हजारो तरुण खाली उतरतात. सईद चार वर्षं जात होता. सौदीला येण्याच्या दोनच महिने आधी परतला होता.

"जमीन कशी आहे तिथली?" मी विचारलं.

"काळी," तो म्हणाला. "पावसानंतर चिखल, उन्हात भेगा. एवढ्या, की पाय आत जाईल."

"झोपायचात कुठे?"

"शेतातच. बाभळीखाली."

काळ्या जमिनीच्या भेगा आणि बाभळीचं झाड, वाळूमाशी राहते ती अशाच ठिकाणी, आणि ती चावल्यावर आजार वर यायला कित्येक महिने लागतात. हे मला मोहिते मॅडमनी नंतर सांगितलं, पण मिथिलेशला सांगावं लागलं नाही. मी धावत लॅबमध्ये येऊन त्याला 'मेतेमा, काळी जमीन, भेगा' एवढंच म्हटलं, तर तो खुर्चीवरून उठलाच. 'बोला था ना' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. चूक माझी, असंही सांगितलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "विचारायला मी तुला पाठवलं. मी स्वतः उठून गेले नाही. आता रडत बसू नकोस, रक्ताच्या पिशव्या मागव."

पिशव्या चढवून, रक्त जरा थांबलं तशी दुपारी त्यांनी कमरेच्या हाडातून मगज काढला. मी तो काचपट्टीवर पसरला, रंगवला, वाळवला. रंग चढायला लागतो तेवढा वेळ लागतोच, घाई करून चालत नाही. ती मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. मग मी खुर्ची मागे ओढली आणि मिथिलेशला म्हटलं, "तू बस."

तो बराच वेळ पट्टी सरकवत राहिला. मग नुसती मान हलवून बाजूला झाला. मी डोळा लावला. मोठ्या पेशीच्या पोटात लहान लहान लांबट ठिपके, प्रत्येकात एक गोल टिंब आणि शेजारी बारीक काडी. पाठ्यपुस्तकात बघितले होते, बावीस वर्षांपूर्वी, परीक्षेपुरते. आता मोजायचीही गरज नव्हती इतके होते.

रोग कळला, पण औषध आमच्याकडे नव्हतं. दक्षिणेत जिझानच्या बाजूला हा आजार अधूनमधून आढळतो, तिथून सरकारी वाटेने मागवायचं होतं. कागदावर कागद, फोनवर फोन. बुधवारी सईदच्या लघवीतून रक्त आलं. गुरुवारचं तिकीट तसंच होतं. मी अबू नासेरला गाठलं. माझी अरबी बाजारहाट करण्यापुरती. मी म्हटलं, आम्ही चुकलो, दूध नव्हतं, हा आजार बरा होतो, चार दिवस द्या. हा माणसाकडून माणसाला होत नाही, घाबरू नका.

तो म्हणाला, "बहिणी, मागच्या वेळीही तू असंच खात्रीने सांगितलं होतंस."

मी तिथेच व्हरांड्यात उभी राहून रडले, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. अबू नासेर गडबडला. खिशातून फोन काढून बाजूला गेला. परत आला आणि म्हणाला, "तिकीट पुढे ढकललंय. चार दिवस. त्याच्या आईला काय सांगू ते तू सांग." 

औषध शनिवारी आलं. रविवारी ताप तसाच, सोमवारी तसाच, तरी अबू नासेरने तिकीट आणखी पुढे ढकललं. मी दिवसातून तीनदा वॉर्डात जायची, काम नसलं तरी. पाचव्या दिवशी पहिल्यांदा ताप उतरला आणि तो उतरलेलाच राहिला. दोन आठवड्यांनी पेशी वर चढायला लागल्या. पोट मऊ पडलं. सईद वॉर्डातल्या जेवणाला नावं ठेवायला लागला तेव्हा अल्माज म्हणाली, आता हा मरत नाही.

त्याला सोडायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं रक्त काढायला गेले. टोचल्या जागी रक्त लगेच थांबलं. न सांगता सुटले असते, कुणाला काही कळलं नसतं. पण मी अल्माजला म्हटलं, याला सांग, तू आलास तेव्हाच हे औषध मिळालं असतं. मी चुकीचं विचारलं, म्हणून तू इतका मरणाच्या दारी गेलास. मला माफ कर.

अल्माजने सांगितलं. सईद ऐकत राहिला. रागावेल म्हणून मी खाली बघत होते. तो हळूहळू बोलायला लागला आणि अल्माज एकेक वाक्य हिंदीत करत गेली.

त्याला एक धाकटा भाऊ होता. दोघं मेतेमाला बरोबर जायचे. एका वर्षी परत आल्यावर सहा-सात महिन्यांनी भावाला ताप आला. गावातल्याच दवाखान्यात नेलं. तिथला औषध देणारा त्यांच्या नात्यातला, भावाला अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याने काही विचारलं नाही. घरचंच पोर, त्याला कुठला म्हणून काय विचारायचं? तापाच्या गोळ्या दिल्या. पोट फुगत गेलं, नाकातून रक्त आलं. पावसाळ्याआधी तो गेला. आई म्हणते, नजर लागली.

मी विचारलं, "त्याला काय झालं होतं ते कधी कळलं का?"

सईदने आपल्या पोटावर, डाव्या बाजूला, हात ठेवला.

"आत्ता कळलं," तो म्हणाला.